दुपारची दुसरी सिस्टर

हे खरं आहे.

आधीच सांगून ठेवतो, कारण मला ओळखणारे आत्ताच हसायला लागले असतील. बाबूमामा आणि खरं? हसा. खोड्या मी आयुष्यभर केल्या. सिस्टरांच्या डब्यात जिवंत कुर्ली सोडली. चादर ओढून स्ट्रेचरवर पडलो आणि लिफ्टमध्ये नव्या डॉक्टरला विचारलं, कितव्या मजल्यावर जायचंय. तो दोन दिवस तापाने पडला होता.

पण ही गोष्ट माझी नाही. माझी असती तर बरं झालं असतं.

रत्नागिरी. गेल्या वर्षीचे गणपती. गौरी आल्या तो रविवार.

दुपारचे दोन.

हो, दुपारचे. तुम्हाला रात्र पाहिजे असणार. मी काय करू? ती दुपारच्या ड्युटीला आली.

मी एका खासगी हॉस्पिटलात एकवीस वर्षं वॉर्डात काम करतो. स्ट्रेचर ढकलायचा, बेडपॅन द्यायचं, सिलेंडर आणायचा. आम्हाला सगळे मामाच म्हणतात. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, बावीस बेड. मध्ये सिस्टरांचं काउंटर. डावीकडे एक ते अकरा, उजवीकडे बारा ते बावीस.

वॉर्डच्या इन्चार्ज मालिनी सिस्टर. लांज्याच्या. वय छप्पन. मेट्रनची खुर्ची दोन वर्षं रिकामी, म्हणून मेट्रनचं कामही ह्यांच्याच गळ्यात. कोण कधी येणार, कोण कुठे जाणार, कुणाचं पोर आजारी, कुणाचं कुणाशी पटत नाही… सगळं ह्यांनी बघायचं.

आणि गणपतीत आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

वॉर्डात नऊ सिस्टर. आठ जणींचे रजेचे अर्ज.

एकीचा लग्नानंतरचा पहिला ओवसा, गौरीपुढे सूप भरून ठेवायचं. एकीच्या सासरी पाच भावांचा एक गणपती, जेवायला साठ माणसं, आणि सून गेली नाही तर वर्षभर ऐकायचं. कुणाला नाही म्हणणार?

आधी म्हणायच्या. मालिनी सिस्टर रजा कापण्यात प्रसिद्ध होत्या. हातात लाल पेन असायचं.

मग आदल्या वर्षीच्या गणपतीत शकू सिस्टरचं झालं.

शकू सिस्टर जयगडची. मच्छीमारांच्या घरातली, धिप्पाड, आवाज घोगरा. नऊ वर्षांत तिने गणपतीची रजा मागितली नव्हती. दुसऱ्यांच्या ड्युट्या हीच करायची. त्या वर्षी पहिल्यांदा मागितली. भावाने नवं घर बांधलं होतं, घरात पहिला गणपती.

मालिनी सिस्टर म्हणाल्या, दुसरी आली की जा.

आमच्यात नियमच आहे. पुढची येऊन ड्युटी 'घेतली' म्हणेपर्यंत मागचीने वॉर्ड सोडायचा नाही.

दुपारी कुणी आलं नाही. रात्रीही नाही. सकाळ, दुपार, रात्र… तिन्ही ड्युट्या शकूने ओढल्या. पहाटे एक जण आली तेव्हा ही चप्पल बदलायला चेंजिंग रूममध्ये जाऊन बसली.

मी आत गेलो तर भिंतीला टेकलेली. डोळे उघडे.

मला वाटलं, माझी मस्करी करतेय. एवढी वर्षं मी तिची केली, आज ती माझी. म्हणून मीही समोर बसलो. कोण आधी हसतं, बघू म्हटलं.

चांगली पाच मिनिटं बसलो होतो.

असो.

त्यानंतर मालिनी सिस्टरांचं लाल पेन गेलं. अर्ज आला की सही. त्यामुळे गेल्या गणपतीला आठही जणींच्या रजा मंजूर झाल्या. त्यातल्या काहींच्या हातापाया पडून, इकडची तिकडे करून सकाळ आणि रात्र कशीबशी जुळली. दुपार जुळेना. तीन दिवस. गौरी येणार तो दिवस, पूजनाचा आणि विसर्जनाचा.

दुपारी दोन सिस्टर लागतात. होती एकच, दिशा. तेवीस वर्षांची, नोकरीला सहा महिने.

आणि वॉर्ड लेप्टोच्या तापाने भरलेला. भातात उतरलेली माणसं. बावीसच्या बावीस बेड फुल्ल. चौदा नंबरला खंडू, बत्तीस वर्षांचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तासाला बीपी आणि लघवी मोजायची. एक तास चुकला आणि बीपी पडला, तर किडनी जाईल. मग माणूसही. त्याची बायको दाराबाहेर बाकावर बसून असायची. कुणी पांढऱ्या कपड्यातलं दिसलं की उठून उभी राहायची. माझ्यासाठीसुद्धा.

सिस्टर वर प्रशासक देवदत्त सरांकडे गेल्या. बाहेरून दोन मुली द्या म्हणाल्या. सरांनी सांगितलं, रजा तुम्ही दिल्यात, वॉर्ड तुमचा. ड्युटीचा चार्ट संध्याकाळपर्यंत पूर्ण करून पाठवा. माणूस दगावला तर उत्तरही तुम्हीच द्यायचं.

खाली आल्या आणि रिकाम्या चौकोनांकडे बघत बसल्या. सगळ्यांना फोन झालेले. एकीने तर उचलून नुसती आरती ऐकवली.

मला बघवेना. माझी जीभ, तिला हाड कुठे आहे?

मी म्हणालो, "शकू सिस्टरला टाका. ती कधी नाही म्हणाली नाही."

त्या हसल्या नाहीत.

माझ्याकडे बघत राहिल्या. मग पेन उचललं आणि तिन्ही चौकोनांत नाव लिहिलं. शकू. शकू. शकू.

मला म्हणाल्या, वरच्यांना कागद भरलेला पाहिजे, दिला. त्या वेळेला मी स्वतः उभी राहणार आहे, तुला काय करायचंय?

रविवारी दोन वाजता त्या खरंच उभ्या होत्या. सव्वादोनला आयसीयूतून फोन आला. तिथली सिस्टर चक्कर येऊन पडली होती. मालिनी सिस्टर पळाल्या. जाताना दिशाला म्हणाल्या, पाच मिनिटांत येते.

साडेपाचला आल्या.

मधले सव्वातीन तास सांगतो.

बाहेर पाऊस. दूर कुठेतरी गौरी नेणाऱ्या बायकांची गाणी. वॉर्डात दिशा एकटी आणि बावीस जण. ती डावीकडे अडकली. तीन नंबरच्या उलट्या थांबेनात. मी धरायला, ती पुसायला.

अडीच वाजले.

तीन वाजले.

मग माझ्या लक्षात आलं…

बेल वाजत नव्हती.

आमच्याकडे प्रत्येक बेडला बेल आहे. पेशंटने बटण दाबलं की काउंटरमागच्या बोर्डावर आवाज होतो आणि त्या नंबरचा लाल दिवा लागतो. सिस्टरने बेडपाशी जाऊन तिथलं पांढरं बटण दाबलं, तरच दिवा विझतो. बोर्डावरून विझत नाही. एरवी ती बेल डोकं उठवते. सलाईन संपली, पाणी पाहिजे, पंखा कमी करा.

डावीकडच्या बेल वाजत होत्या. एक, चार, नऊ.

उजवीकडची एकही नाही. तासभर.

मी तिकडे डोकावलो. अकराही जण स्वस्थ पडलेले. सलाईनच्या बाटल्या बघितल्या. माझ्या हिशोबाने चार तरी संपायला हव्या होत्या.

सगळ्या भरलेल्या. नवीन.

मी दिशाला विचारलं, तू बदललीस काय? ती म्हणाली, मामा, मी इथून हललेय का?

तेवढ्यात ऐकलं.

टक… टक…

सलाईनच्या नळीला बोटाने टिचकी मारायचा आवाज. सगळ्याच सिस्टर मारतात, एक. दोन मारायची सवय एकीलाच होती.

टक… टक…

पुढच्या बेडपाशी. मग त्याच्या पुढच्या. तिथे कुणी नव्हतं. नळी तेवढी हलत होती.

मी डावीकडे येऊन तीन नंबरचं भांडं घट्ट धरून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू.

पाच वाजून दहा मिनिटांनी सलिल डॉक्टर धावत आले. सरळ चौदा नंबरला गेले. खंडूचा बीपी पडलाच होता. सलाईन जोरात सोडली, इंजेक्शन दिलं. वीस मिनिटं झगडले. वाचवला.

घाम पुसत दिशाला म्हणाले, बरं झालं लगेच फोन केलात. पाच मिनिटं उशीर झाला असता तरी हातचा गेला असता. आणि आवाज केवढा बसलाय तुमचा, वाफ घ्या.

दिशाने फोन केला नव्हता. तिचा आवाज तर चिमणीसारखा.

दिशाने खंडूचा चार्ट उघडला. तीनचा बीपी, चारचा, पाचचा. लघवी किती झाली ते. सगळं नीट भरलेलं.

सहीचा रकाना… कोरा.

मालिनी सिस्टर आल्या. चार्ट बघितला. बारा ते बावीस, सगळे बघितले. मग मला दंडाला धरून चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"बाबू, हे तूच केलंस ना?"

दंड त्यांनी अजून सोडला नव्हता.

"मेल्या, हो म्हण. मी ओरडणार नाही. कुणाला सांगणार नाही. फक्त हो म्हण."

एकवीस वर्षांत एवढ्या खोड्या नाकारल्या. ही एक कबूल करायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

"सिस्टर," मी म्हणालो, "मला बीपी बघता येतो का?"

त्या चादरींच्या ढिगावर खाली बसल्या.

रात्री आठला सावनी सिस्टर ड्युटी घ्यायला आली. दिशाने एक ते अकरा दाखवले. प्रत्येक बेडपाशी उभं राहून सांगायचं, काय दिलं, काय द्यायचंय. अकरा झाले आणि ती थांबली. पुढचं तिला माहीतच नव्हतं.



मग बारा नंबरपाशी…

टक… टक…

आणि थांबलं. एखाद्या पेशंटची माहिती सांगायला लागते, तेवढा वेळ. मग तेरापाशी. मग चौदा.

सावनी दारापर्यंत मागे गेली. मालिनी सिस्टर मात्र पुढे झाल्या. आवाज पुढे सरके तशा त्याही सरकत गेल्या. चार्ट उघडून, मान हलवत. गाल ओले. कोऱ्या रकान्यात स्वतःची सही करत.

बावीस नंबरला आवाज थांबला.

आता एकच शब्द बोलायचा होता. 'घेतली.' म्हटलं की ती सुटणार. मी मनात म्हणत होतो, बोला सिस्टर, बोला.

सिस्टरांचं तोंड उघडलं. मग त्यांनी खंडूकडे बघितलं. काचेतून बाहेर उभी असलेली त्याची बायको दिसत होती. काउंटरवरचा ड्युटीचा चार्टही दिसत होता. उद्याची दुपार. परवाची दुपार.

"शकू," त्या म्हणाल्या, "उद्या येशील?"



मग… टक.

एकदाच.

तीन दिवस ती आली. दोन ते आठ. उजवीकडची एकही बेल वाजली नाही, एकही सलाईन संपली नाही, एकही माणूस दगावला नाही. चौथ्या दिवशी सगळ्या परतल्या, मोदकांचे डबे घेऊन. त्या संध्याकाळी मालिनी सिस्टर बावीस नंबरपाशी उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, घेतली, शकू. जा बाय, घरी जा.

दुसऱ्या दिवसापासून बेल वाजायला लागल्या. सगळ्या बाजूंनी, कटकट नुसती. सिस्टरांना एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता.

मग खंडूला घरी सोडलं.

जाताना सगळ्यांच्या पाया पडला आणि सिस्टरांना म्हणाला, "त्या दुसऱ्या बाय व्हत्या ना, जाड्या. त्यांना जरा बसाया सांगा ओ. तीन दिस येकदा पन टेकल्या नाय. पाय सुजल्यात त्यांचं."

त्या दिवशी सिस्टरांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

इथे संपलं असतं, तर मी लिहिलंच नसतं.

महिनाअखेरीला देवदत्त सरांनी सिस्टरांना बोलावलं. फाइलींचा गठ्ठा घेऊन मी मागे उभा होतो. सरांनी ड्युटीचा चार्ट पुढे टाकला. तीन दिवस, दुपारी दोन नावं. हजेरीच्या मशीनवर अंगठा एकीचाच. शकू कोण, हे त्यांना माहीत नव्हतं, ते नवीन. मला वाटलं, आता सिस्टरांची नोकरी गेली.

सर हसत होते.

म्हणाले, खोटं नाव टाकलंत, ते मी विसरतो. पण तुम्ही मला केवढं दाखवून दिलंत बघा. सीझनच्या भरात, वॉर्ड फुल्ल, आणि दुपार एका सिस्टरवर चालली. तक्रार शून्य, मृत्यू शून्य. मग दुसरी लागते कशाला?

"सर, दोघी होत्या," सिस्टर म्हणाल्या.

"दुसरी कोण होती?"

सिस्टरांनी चार्ट आपल्याकडे ओढला.

"सांगा ना. मी तिला बोलावून विचारतो."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

ऑक्टोबरपासून दुपारी एकच सिस्टर. ऑर्डर निघाली. बाकीच्यांना इकडे तिकडे पाठवलं, दोघी सोडून गेल्या. सिस्टरांनी पत्रं लिहिली, ट्रस्टींच्या घरी गेल्या, पायऱ्या झिजवल्या. सगळीकडे एकच उत्तर. तक्रार कुठे आहे?

तक्रार नव्हतीच.

कारण एक ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता दिशा एकटी ड्युटीवर आली. चार्टात दुसरं नाव कुणी लिहिलं नव्हतं. चौकोनच नव्हता.

आणि उजवीकडच्या बेल बंद झाल्या.

सिस्टर रोज रात्री आठला बावीस नंबरपाशी जाऊन म्हणायच्या, घेतली. जा गो. हात जोडते, जा.

रोज दुपारी दोनला… टक… टक…

त्यांनी तिथे खुर्ची ठेवली, मऊ गादी घालून. खुर्चीवर कुणी बसलं नाही. एकदा मी उगाच गादीला हात लावला. गार होती, बाकी काही नाही.

ह्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे चार. दिशा काउंटरपाशी आली. हात मोकळे, चेहरा पांढरा. म्हणाली, सिस्टर, माझ्याकडच्या बेल पण बंद झाल्या. दोन दिवस झाले. मी जायच्या आधीच सगळं केलेलं असतं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. भुताची भीती केव्हाच गेली होती. तिघांच्या डोक्यात एकच.

हे वर कळलं तर?

एकही लागत नाही, म्हणतील.

सिस्टर उठल्या. बेडाबेडाला जाऊन पेशंटना सांगायला लागल्या, बेल दाबा. काही लागलं तर दाबा. पाणी, पंखा, काहीही मागा. पेशंट म्हणायचे, नाय ओ बाय, काय लागतच नाय.

त्या परत आल्या. पदर सुटलेला, केस विसकटलेले.

"बाबू, तुला खोड्या येतात ना," त्या म्हणाल्या. "सगळ्या बेल दाब. एकदम बावीस. एवढं वाजू दे, की वर ऐकू गेलं पाहिजे."

मी निघालो. मजा वाटली, खरं सांगतो. एक नंबरची दाबली. आवाज झाला, दिवा लागला. दोन. तीन. चार. पेशंट हसायला लागले. मी जवळजवळ पळतच होतो.

आठ नंबरला दाबून सहज बोर्डाकडे बघितलं.

लाल दिवा एकच. आठचा.

बाकीचे विझलेले.

दिवा विझवायला बेडपाशी जावं लागतं. मालिनी सिस्टर आणि दिशा काउंटरला उभ्या होत्या, हललेल्या नव्हत्या.

मी नऊ दाबली. आठ विझला. दहा दाबली. नऊ विझला.

माझ्या मागून कुणीतरी चालत होतं. एक बेड मागे. पाय ओढत… अंगात काही उरलं नाही, तरी बेल वाजली म्हणून येतं, तसं.

मागे बघितलं नाही. बारा. तेरा. चौदा. पाय ओढल्याचा आवाज आता स्पष्ट. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस.

बावीसपाशी पोचलो. बटणाकडे हात नेला.

मागे, माझ्या अगदी मानेजवळ, कुणीतरी श्वास सोडला. लांब. दमलेला.

माझा हात तिथेच राहिला.

काउंटरवरून सिस्टर म्हणाल्या, "बाबू, बावीस राहिला."

"राहू दे, सिस्टर," मी म्हणालो. "ती दमलेय."

त्यांनी पुढे विचारलं नाही. बोर्डावरचा एकवीसचा दिवा विझला आणि वॉर्ड शांत झाला.

अजून मी तिथेच काम करतो. दिशाही आहे, आज तरी आहे. ह्या वर्षीच्या गणपतीच्या रजेचे अर्ज यायला लागलेत. सिस्टर ते टेबलावर एकावर एक ठेवतात, सगळ्यांत वर हात ठेवतात आणि तशाच बसून राहतात.

काल दुपारी मी आत गेलो तेव्हा वर एक नवा अर्ज होता. कोरा. वर नाव नाही, खाली सही नाही, शकूच्या चार्टांवर नसायची तशी.

सिस्टरांनी त्यावर 'मंजूर' लिहिलेलं होतं. चार वेळा.

आणि बाहेर, वॉर्डात…

एकही बेल वाजत नव्हती.